अकरा मिनिटांचा थांबा

बशीर मुजावरांनी लिहिलेले कमिट मेसेज वाचताना सुनीती मगदूमला पूर्वी हसू यायचं. पुढे पुढे राग यायला लागला.

मिरजेजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'निर्झरा' नावाची कंपनी डायलिसिसची मशिनं बनवत होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त बाहेर घ्यायचं, स्वच्छ करून पुन्हा शरीरात सोडायचं, हे त्या मशिनचं काम. आतल्या पंपांना, झडपांना, सेन्सरना कधी काय करायचं हे सांगणारा प्रोग्रॅम मुजावरांनी जवळजवळ एकहाती उभा केला होता. तेव्हा २०१७ साल होतं आणि कंपनी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत त्या प्रोग्रॅममध्ये एक्केचाळीस हजार बदल झाले. प्रत्येक बदल साठवताना सोबत दोन-चार ओळींची नोंद लिहायची असते, की काय बदललं आणि कशासाठी. तिलाच कमिट मेसेज म्हणतात. मशिन त्या नोंदीकडे ढुंकूनही बघत नाही. चार वर्षांनी त्याच ओळीपाशी येऊन डोकं खाजवत बसणाऱ्या माणसासाठी ती असते.

मुजावर या नोंदी समोर कुणी बसल्यासारख्या लिहीत. 'आता बघू चालतंय का.' त्याच्याखाली दहा मिनिटांनी, 'चाललं.' 'कालचं चुकलं होतं, माफी.' 'पंप दोन कुरकुरतो म्हणून वेग उतरवला, कवठ्याच्या सिस्टर खूश.' शेवटी एक 'ब.' टाकायचा, की झाली सही. एखाद्या ठिकाणी अर्धं पान मजकूर, एखाद्या ठिकाणी नुसतं टिंब.

सुनीती चोविसाव्या वर्षी कंपनीत आली. दुसऱ्याचा कोड कसा वाचायचा हे तिला त्यांनीच शिकवलं. तिचा पहिला मेसेज त्यांनी परत पाठवला होता, कारण तिने फक्त 'दुरुस्ती' एवढंच लिहिलं होतं.

"कसली दुरुस्ती? काय मोडलं होतं? मी उद्या गेलो तर कुणाला विचारू?" ते म्हणाले होते.

"तुम्ही गेल्यावर तुम्ही कसं विचाराल, सर?"

"बघ, म्हणजे अजूनच वाईट," असं म्हणून ते हसले होते.

तिने ते फार मनावर घेतलं, त्यांच्यापेक्षाही जास्त. तिची पहिली ओळ कधी पन्नास अक्षरांच्या पुढे गेली नाही. एक ओळ कोरी, मग कारण, मग कुठल्या तक्रारीवरून बदल केला तिचा क्रमांक. नवीन मुलांना तिचे मेसेज नमुना म्हणून दाखवत. आणि मग त्याच मुलांना मुजावरांचं 'बघू चालतंय का' दिसायचं आणि ती खिदळायची. अशा वेळी सुनीतीला आपल्याच घरच्या माणसाचा फाटका सदरा चारचौघांत दिसल्यासारखं व्हायचं.

२०३६ च्या उन्हाळ्यात नियम बदलले. वैद्यकीय उपकरणांच्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद स्पष्ट हवी, एकाच पद्धतीची हवी, आणि तपासणीच्या संगणकाला वाचता यायला हवी. नुसती यापुढची नाही, पहिल्या दिवसापासूनची. निर्झराच्या नोंदींना तपासणीत शंभरपैकी एकतीस गुण मिळाले. सहा महिन्यांत नव्वद झाले नाहीत तर प्रमाणपत्र रद्द होणार होतं.

कंपनीच्या संचालक वैजयंती आरवाडे यांनी सुनीतीला बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नसत.

"हे काम तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तूच ओरडतेयस ना, मेसेज नीट लिहा म्हणून? आता सगळे नीट कर."

त्यासाठी 'नोंदसाथी' नावाचा प्रोग्रॅम घेतला गेला.

नोंदसाथी कसा चालतो हे कळायला अवघड नव्हतं. तो बदलाआधीचा आणि बदलानंतरचा कोड शेजारी ठेवून वाचायचा. मग त्या आठवड्यातली पत्रं, तक्रारी, खरेदीचे कागद, बैठकांची टिपणं चाळायचा. हा बदल करण्यामागे काय काय कारणं असू शकतील ते मांडायचा, आणि ज्या कारणाला कागदांचा सर्वांत जास्त आधार मिळेल ते निवडायचा. शेवटी, बदल करणाऱ्या माणसाचं आजवरचं सगळं लिखाण वाचून त्याच्याच ढंगात, पण शिस्तीत, नोंद लिहायचा. ज्याचे शब्द त्याच्या तोंडी शोभले पाहिजेत, असा नियमच होता. नाहीतर नोंद बनावट वाटली असती.

बाकीचे नियम सुनीतीने घालून दिले. गावाचं, दवाखान्याचं किंवा पेशंटचं नाव नको, कारण ती खाजगी माहिती. वाचणाऱ्याला उद्देशून सूचना नको. कागदाचा आधार नसलेलं विधान नको. यातला प्रत्येक नियम बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर ती ते बरोबरच म्हणेल.

मुजावरांच्या निवृत्तीला तेव्हा पाच आठवडे उरले होते. ते तिच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले.

"माझे मेसेज धुवायला टाकलेस म्हणे."

"भाषा सुधारतोय फक्त, सर."

"गबाळे आहेत, मला मान्य आहे. पण त्यात बरंच काय काय आहे गं. मला आता त्यातलं निम्मं आठवतही नाही. आठवणार नाही म्हणून तर लिहून ठेवलं होतं."

"अर्थाला धक्का लागणार नाही. मी स्वतः तपासणार आहे."

"सगळे?"

"नमुन्यादाखल दोनशे. नियमात तेवढेच बसतात."

ते थोडा वेळ तिच्या पडद्याकडे बघत राहिले. "तू बघणार आहेस ना? मग ठीक आहे," असं म्हणून उठले.

दोनशेपैकी एकशे बारावी नोंद मुजावरांची होती, चौदा वर्षांपूर्वीची. दोन पेशंटच्या मध्ये मशिन औषधाने आतून निर्जंतुक करतात आणि मग पाण्याने धुतात. पाण्यात औषध उरलं नाही असं सेन्सरने सांगितल्यावरही किती वेळ पाणी सोडत थांबायचं, याबद्दल ती होती. मूळ मजकूर असा होता:

'सेन्सर स्वच्छ म्हणाला तरी अकरा मिनिटं पाणी चालू ठेवायचं. मागच्या वाकड्या नळीत औषध दडून बसतं, सेन्सरला ते दिसत नाही. रविवार मध्ये गेला की जास्त. तासगावात एकाला हुडहुडी भरली. हे कमी करू नका. कुणीही करू नका. ब.'

नोंदसाथीने त्या जागी लिहिलं होतं:

'धुलाईनंतरचा थांबा अकरा मिनिटे केला. सेन्सर आळशी असून वाचन उशिरा देतो, त्याची भरपाई.'

गावाचं नाव गेलं होतं, सूचना गेली होती. वाकड्या नळीच्या गोष्टीला एकही कागद नव्हता. उलट त्याच आठवड्यात सेन्सर संथ आहे अशी तक्रार करणारी दोन पत्रं कंपनीने पुरवठादाराला पाठवली होती. सुनीतीने दोन्ही मजकूर वाचले. 'दडून बसतं' आणि 'कुणीही करू नका' वाचून तिला हसू आलं. औषध म्हणजे काय चोर आहे? तिने 'अर्थ कायम' या चौकटीत खूण केली आणि एकशे तेरावी नोंद उघडली.

नव्या इतिहासाला सत्त्याण्णव गुण मिळाले. जुनी आणि नवी अशा दोन प्रती ठेवण्याला तपासनिसांचा आक्षेप होता, म्हणून नव्वद दिवसांनी जुनी प्रत सगळीकडून पुसली गेली. मुजावर तोवर निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपला लॅपटॉप परत करून पावती घेतली. सुनीती त्यांच्या जागेवर बसली.

दीड वर्षाने नवा सेन्सर आला. जुन्यापेक्षा कितीतरी जलद. दवाखान्यांची बरेच दिवसांची मागणी होती, की धुलाईत फार वेळ मोडतो, तो वाचला तर पाळ्या लवकर आटोपतील. गावोगावी रांगा लागलेल्या होत्या. सुनीतीने तो अकरा मिनिटांचा आकडा शोधून काढला आणि तो कशासाठी आहे ते पाहायला इतिहास उघडला. 'सेन्सर आळशी असून...' किती स्वच्छ लिहिलंय, असं तिला वाटलं. आळशी सेन्सर आता गेला होता. तिने थांबा दोन मिनिटांवर आणला. प्रयोगशाळेत तीन आठवडे चाचण्या झाल्या. तिथली मशिनं रोज चालू असत, रविवारीसुद्धा. पाण्यात औषधाचा अंशही सापडला नाही.

अडीच महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, मिरजेतल्या एका दवाखान्यात कमल ऐनापुरे नावाच्या बाई आठवड्याच्या पहिल्या पाळीला डायलिसिसवर बसल्या. वय सेहेचाळीस. घरी ब्लाउज शिवत. वीस मिनिटांत त्यांच्या छातीत कळ आली, नळीतलं रक्त गडद झालं. नर्सने मशिन बंद केलं, पण औषध रक्तात मिसळलं होतं आणि तांबड्या पेशी फुटायला लागल्या होत्या. दुपारी त्या गेल्या.

मशिन कुपवाडला आणून उघडण्यात आलं. सुनीती उभी होती. तंत्रज्ञाने मागची जाळी काढली, आत हात घातला आणि कोपरात दुमडलेली, वीतभर लांबीची एक नळी ओढून बाहेर काढली. ती उलटी केली तेव्हा तिच्यातून चमचाभर पिवळसर पाणी टेबलावर सांडलं. त्याला औषधाचा उग्र वास येत होता.

"ही वाकडी नळी बघा," तंत्रज्ञ म्हणाला. "इथं साचत होतं. सेन्सर हिच्या अलीकडं आहे, त्याला कसं दिसणार?"

ते शब्द सुनीतीने कुठे वाचले होते हे तिला त्याच क्षणी आठवलं, आणि आपण हसलो होतो हेही.

त्याच दिवशी सगळ्या मशिनांवर थांबा पुन्हा अकरा मिनिटांचा झाला. संध्याकाळी ती आरवाडे मॅडमच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मूळ नोंद कुठे आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पुसली गेली. पण मी वाचलीय ती. मला शब्द न् शब्द आठवतोय."

"तुला आठवतंय. म्हणजे कागद नाही."

"मॅडम, इतिहास आपण बदलला. मी बदलला. अर्थ कायम आहे अशी खूण मी केली."

"एका नोंदीत अर्थ बदलला असं म्हटलंस, की एक्केचाळीस हजार नोंदींवरचा विश्वास गेला. प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द. महाराष्ट्र-कर्नाटकात आपली सतराशे मशिनं आहेत, दुसऱ्या दिवशी सगळी बंद करावी लागतील. त्यावर आठ हजार माणसं आहेत. आठवड्यातून तीनदा येतात. चार दिवस मशिन नसलं तर त्यातली किती उरतील, तू सांग."

सुनीती मनातल्या मनात आकडा मोजायला लागली.

"दोष दुरुस्त झालाय," मॅडम म्हणाल्या. "आता कुणाला धोका नाही. तुझं मन हलकं करायला आठ हजार माणसं नकोत पणाला लावायला."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते मान्य करणं सोपं गेलं. घरी जाताना तिने स्वतःला तीनदा सांगितलं, की हे आपण पेशंटसाठी करतोय. चौथ्यांदा सांगायची गरज पडली नाही.

चौकशी समिती सांगलीच्या विश्रामगृहात बसली. समितीत तिघं जण होते, समोर टेबलावर नोंदींचे छापील कागद. समितीचा तर्क सरळ होता. थांबा कमी करणाऱ्या अभियंत्याने नियमाप्रमाणे इतिहास वाचला, त्यात दिलेलं कारण संपलं होतं, म्हणून बदल केला. मग कारणच चुकीचं का लिहिलं गेलं? नोंदीखाली नाव मुजावरांचं होतं. त्यांना बोलावण्यात आलं.

ते पांढऱ्या शर्टात आले. दीड-दोन वर्षांत खूप वाळले होते. सुनीतीला बघून त्यांनी मान हलवली, जरा हसले. त्यांना आधार वाटला असावा.

अध्यक्षांनी कागद पुढे केला. मुजावरांनी चष्मा बदलून तो वाचला, परत वाचला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"साहेब, सोळा-सतरा वर्षं झाली. मला आठवत नाही."

"थांबा तुम्हीच ठेवलात. मग कारणही तुम्हाला ठाऊक असणार. वाकड्या नळीची कल्पना होती तुम्हाला?"

आठवायचा प्रयत्न करताना मुजावरांचे ओठ हलत होते. "असेल. नसेलही. असती तर मी लिहिलं असतं... असं वाटतं. पण इथं तर तसं नाही."

"म्हणजे ही नोंद तुमची नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? नंतर भाषा सुधारली गेली, पण अर्थ कायम ठेवला असं कागदोपत्री आहे."

मुजावरांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "आळशी हा शब्द माझाच आहे," ते हळू म्हणाले. "सेन्सरला मीच आळशी म्हणायचो. दुसरं कोण म्हणणार?" मग ते वळले. "सुनीती, तू तपासलं होतंस ना? अर्थ नव्हता ना गं बदलला?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आरवाडे मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या तेवढ्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"नाही, सर," सुनीती म्हणाली.

"मग मीच लिहिलं असणार," मुजावर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "साहेब, चूक माझी आहे. लिहून घ्या."

त्यांनी सही केली. वय आणि सेवा पाहून समितीने त्यांच्यावर खटला भरू नये अशी शिफारस केली. निष्कर्ष मात्र जाहीर झाला: मूळ अभियंत्याने धोक्याचं खरं कारण नोंदवलं नाही. वर्तमानपत्रात नाव आलं. निर्झराच्या नोंदींची पद्धत आदर्श आहे, असंही त्याच अहवालात होतं.

त्यानंतर तीन महिने सुनीतीने त्यांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. एकदा भाजीबाजारात त्यांच्या पत्नी, शमाभाभी, समोर आल्या. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी तिचा दंड धरला.

"कधी येतीस? तुझं नाव काढतात."

"सर कसे आहेत, भाभी?"

"कसे असणार? जेवायला बसलं की दोन घास खाऊन हात धुतात. शेजारची पोरं कॉम्प्युटर शिकायला यायची, त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. म्हणाले, माझ्याकडनं शिकू नका. आणि अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं त्या बाईच्या घरी जातात, माहिताय? मालगाव रोडला. गेले आणि तिच्या नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं म्हणे. आता रोज जातात, दुपारी चारला. मी म्हणते, तो माणूस एखाद दिवशी मारील तुम्हाला. तर म्हणतात, मारलं तर बरंच होईल." भाभींनी पदराने डोळे टिपले. "तू हुशार आहेस. तूच सांग त्यांना काहीतरी."

सुनीतीने भाजी न घेताच गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी तिने चौकशी समितीला पत्र लिहिलं. मूळ नोंद जशी आठवत होती तशी दिली, खूण आपण केली हे लिहिलं, समितीपुढे खोटं बोलले हेही लिहिलं. एक प्रत आरवाडे मॅडमना दिली आणि सोबत राजीनामा. मॅडमनी दोन्ही वाचून राजीनामा तेवढा ठेवून घेतला.

समितीचं उत्तर सव्वीस दिवसांनी आलं. निवेदन आपल्या पूर्वीच्या साक्षीशी विसंगत आहे. त्याला कागदाचा आधार नाही. संबंधित अभियंत्याने स्वतः जबाबदारी मान्य केलेली आहे. सबब प्रकरण पुन्हा उघडण्याचं कारण दिसत नाही. प्रमाणपत्र रद्द झालं नाही. एकही मशिन बंद पडलं नाही.

ते उत्तर पर्समध्ये घेऊन ती मुजावरांच्या घरी गेली. सकाळची वेळ होती. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, मांडीवर न उघडलेलं वर्तमानपत्र.

ती उभ्या उभ्याच बोलायला लागली. थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. नोंदसाथी, एकशे बारावी नोंद, वाकडी नळी, तासगाव, हुडहुडी, सगळं. मूळ मजकूर तिने त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला, शेवटच्या 'ब.'सकट.

ते ऐकत होते. तासगावचं नाव आल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तासगावला आपली मशिनं कधी होती?"

"होती, सर. सुरुवातीला दोन होती."

"मला नाही आठवत." त्यांनी मान हलवली. "मी तुला त्या दिवशी विचारलं होतं, सगळ्यांसमोर. तू नाही म्हणालीस."

"खोटं बोलले मी."

"मग आज खरं बोलतेस हे कसं समजायचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्त लागलं. "भाभीनं पाठवलं ना तुला? बाजारात भेटलात, ते सांगितलं तिनं मला. सरांना काहीतरी सांग म्हणाली असणार."

"तसं नाही, सर. बघा ना, मी समितीलाही लिहिलंय. नोकरी सोडली मी."

त्यांनी समितीचं उत्तर वाचलं, नीट घडी घालून परत दिलं. "यात तर लिहिलंय की आधार नाही."

"माझ्यावर विश्वास ठेवा."

"अगं, तुझा जीव आहे माझ्यावर, ते मला कळतं. म्हणून नोकरीवर पाणी सोडलंस? वेडी आहेस तू." ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण एक बाई गेली आहे, सुनीती. मला बरं वाटावं म्हणून तिच्या मरणात असा बदल करू नकोस."

त्यांनी आत हाक मारून भाभींना चहा करायला सांगितलं. सुनीती चहा न घेता निघाली.

एकच माणूस उरला होता. मुजावर त्याचं ऐकतील असं तिला वाटलं. ती मालगाव रोडला गेली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशिन, त्यावर चादर टाकलेली. बाळासाहेब ऐनापुरे रेल्वेतून निवृत्त झालेले, मिरज जंक्शनवर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

तिने त्यांना सांगितलं, पहिल्यापासून. आता कितव्यांदा सांगतोय याचा तिला हिशेब राहिला नव्हता. थांबा कमी करणारा हात माझा होता, तो थांबा कशासाठी होता ते पुसणारा हातही माझाच होता.

ऐनापुरे खिडकीबाहेर बघत होते.

"खरं आहे हे," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुमचा विश्वास बसला?"

"बसला की. स्वतःवर असलं कोण ओढवून घेतंय उगाच?"

तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मानलं होतं. डोळे पुसून ती म्हणाली, "मग तुम्ही सरांना सांगा. माझं नाही मानत ते. तुम्ही म्हणालात तर मानतील. त्यांचा काही दोष नाही हो."

ऐनापुरे उठून आत गेले. स्टोव्ह पेटवल्याचा, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. ते परत येऊन आतल्या दारात उभे राहिले.

"कमल गेली, तेराव्यापर्यंत घर भरलं होतं. चौदाव्या दिवशी कोण नाही. कंपनीतनं कोण नाही, दवाखान्यातनं कोण नाही. पोरगी बेळगावला, फोन करते. रोज येणारा हा एकच माणूस. कमलचं बोलणं काढलं की ऐकत बसतो. तिनं कुठला ब्लाउज बिघडवला होता, कुणाशी भांडली होती, सगळं पाठ झालंय आता त्याला. तुमचा दोष नाही असं सांगितलं, तर उद्यापासनं तो कशाला येईल?"

"पण ते झिजताहेत. जेवत नाहीत."

"मीपण झिजतोयच की, मॅडम."

"मला जी शिक्षा द्यायची ती द्या. मी रोज येईन. मी येत जाईन त्यांच्या जागी."

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"त्यांना मी माफ केलंय. जमलं ते, कारण ते सगळ्यांच्या आधी आले. तुम्हाला बघून मला काय होतंय ते नका विचारू. परत येऊ नका इथं."

बाहेर फाटकाची कडी वाजली. मुजावर आत आले, हातात केळ्यांची पिशवी. सुनीतीला बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"तू? इथं?"

ती काही बोलायच्या आत ऐनापुरे म्हणाले, "भेटायला आल्या होत्या. कमलचं वाईट वाटलं म्हणून."

मुजावरांचा चेहरा निवळला. "बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "यायलाच पाहिजे होतं आपल्यातल्या कुणीतरी." त्यांनी चपला काढल्या आणि पिशवी शिलाई मशिनवर ठेवली. "चहा घेऊन जा की. थांब जरा."

सुनीतीने ऐनापुरेंकडे पाहिलं. ते दारातून हलले नव्हते.

"निघाल्यात त्या," ऐनापुरे म्हणाले. "घाई आहे त्यांना."

मुजावर तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"हो, सर," ती म्हणाली. "घाई आहे."